चिखलाचा दोष कोणाचा?

आपल्या भाषेंत ‘डुक्कर’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. अस्वच्छ मनुष्य दिसला, कीं त्याला या प्राण्याची उपमा द्यावयाची, ही रीत इतकी जुनी आहे कीं तिच्या खरेपणाबद्दल कोणाला शंकाच येत नाहीं. डुक्कर चिखलांत लोळतें, प्रसंगीं स्वतःच्या मलमूत्रांतही लोळतें. मग तें स्वभावतःच घाणेरडें नव्हे काय? परंतु स्वभाव आणि गरज या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्यांचा घोटाळा केला असतां न्याय होत नाहीं. म्हणून, वाचकहो, उन्हाळ्याच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा विचार करूं.

उन्हांत राबणाऱ्या मनुष्याला घाम येतो. तो घाम वाळतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो, आणि म्हणूनच वैशाखांतल्या दुपारींही शेतकरी उभा राहूं शकतो. डुकराला ही सोय नाहीं. त्याच्या कातडींत घामाच्या ग्रंथी थोड्या असून शरीर थंड ठेवण्याच्या कामीं त्यांचा जवळजवळ कांहींच उपयोग होत नाहीं. शिवाय कातडीखालीं चरबीचा थर असतो. पूर्ण वाढलेल्या डुकराला साधारण १६ ते २२ अंश सेल्सिअसची हवा मानवते; २५ अंशांच्या वर पारा गेला, कीं त्याला त्रास होऊं लागतो. आपल्याकडे विदर्भांत तर पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळीं त्याच्यापुढें दोनच मार्ग उरतात : धापा टाकणें, किंवा बाहेरून अंग ओलें करणें. जो घाम त्याच्या देहांत नाहीं, तो तें डबक्यांतून उसना घेतें.

१९६५ सालीं इंग्लंडांत इंग्रॅम नांवाच्या शास्त्रज्ञानें डुकराच्या अंगावर नुसतें पाणी लावून व मग चिखल लावून परीक्षा केली. पाण्याचा ओलावा सुमारें पाव तासांत उडून गेला. चिखलाचा ओलावा मात्र जवळजवळ दोन तास अंग थंड करीत राहिला. ज्याला आपण मळ म्हणतों, तो त्या प्राण्याचा पंखा आहे.

दुसरी गोष्ट याहूनही विचार करण्यासारखी आहे. जागा पुरेशी व हवा थंड असली, तर डुक्कर निजण्याची जागा कोरडी ठेवतें आणि मलमूत्र दूर एका कोपऱ्यांत टाकतें. उष्मा वाढला आणि पाणी मिळालें नाहीं, कीं हा क्रम मोडतो. तें ओल्या जागीं, म्हणजे आपल्याच मलमूत्रावर, जाऊन निजतें. कारण वाड्यांत दुसरा ओलावा नसतो. भिंत आपण घातली, दार आपण लावलें, पाणी आपण दिलें नाहीं. आणि घाणेरडें हें नांव मात्र त्या प्राण्याला पडलें. येथें मनुष्याची व पशूची बरोबरी करण्याचा हेतु नाहीं. पण अन्यायाची ही रीत आपल्या ओळखीची आहे. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर येऊं दिलें नाहीं, त्यांनाच अस्वच्छ म्हणून दूर ठेवण्यांत आलें. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला. ज्यांच्या वाडवडिलांनीं हें भोगलें, त्यांनीं तरी दोष देण्यापूर्वीं पाणी कोणी अडविलें आहे, हें विचारावें.

यावर कोणी म्हणेल, “अखेर हें जनावर कापावयाचेंच आहे; त्याचे इतके लाड कशाला?” पण मरण एका घटकेचें असतें, आणि दुपार रोजची असते. मोकळें डुक्कर ऊन चढतांच झाडीची सावली व पाणथळ जागा स्वतः शोधतें. त्याला कोंडतांना आपण त्याची ही मोकळीक घेतली, आणि त्याच क्षणीं त्याच्या सावलीचें व पाण्याचें देणें आपल्या माथीं आलें. देणें फेडणें याला लाड म्हणत नाहींत. आपल्या देशाच्या १९६० सालच्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेंही, ज्याच्या ताब्यांत जनावर आहे त्यानें त्याच्या सुस्थितीची वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असें ठरविलें आहे.

दुसरा म्हणेल, “काळजी घेण्यांत फायदा आपलाच, मग त्यांत नीति कसली?” तापलेलें डुक्कर खाणें कमी करतें व त्याची वाढ खुंटते, नराचें बीज पुढें कांहीं आठवडे दुर्बळ राहतें, हें खरें. फायदा आणि कर्तव्य बराच वेळ एका वाटेनें चालतात. पण बाजाराच्या दिवशीं त्या वाटा फुटतात. पैसे हातीं आले, जनावर दुसऱ्याचें झालें. आतां चारी पाय बांधून भर उन्हांत नेलें, तरी आपलें कांहीं नुकसान नाहीं. अशा वेळीं जो ऊन उतरेपर्यंत थांबवतो आणि पाणी पाजूनच दार उघडतो, त्याची काळजी खरी.

तिसरी अडचण सर्वांत कठीण आहे. जेथें बायका हंडाभर पाण्यासाठीं दूरवर चालतात, तेथें डुकराला पाणी कोठून द्यावें? मुलाच्या तोंडचें पाणी काढून द्या, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु अंग भिजविण्यास पिण्याचें पाणी लागत नाहीं; मोरीचें वाहून जाणारें पाणी खड्ड्यांत सोडलें, तरी लोळण्याची सोय होते. पिण्यास मात्र एका मोठ्या डुकराला दिवसाकाठीं १० ते २० लिटर पाणी लागतें, व पिलें पाजणाऱ्या डुकरिणीला त्याहून अधिक. हा हिशेब उन्हाळ्यापूर्वींच करावा, आणि पुरवठा होणार नसेल तर जनावरें कमी करावीं. जितक्यांची तहान भागवितां येईल, तितकींच पाळण्याचा आपणांस अधिकार आहे.

बाकीचे उपाय गरिबालाही साधण्याजोगे आहेत. वाडा पूर्व-पश्चिम लांब असावा. लांबीच्या भिंती कंबरेइतक्याच असून वर वारा खेळावा, कारण वाऱ्यावांचून ओलाव्याचा उपयोग होत नाहीं. कोंकणच्या दमट हवेंत तर मुळींच नाहीं. पत्र्यावर पाचट घालावें, नाहीं तर चुना द्यावा. अंगावर पाणी शिंपडून वाळूं द्यावें व पुन्हा शिंपडावें. खाणें सकाळीं लवकर व संध्याकाळीं द्यावें. पांढऱ्या जातीचीं डुकरें उन्हानें भाजतात, तीं सावलींतच ठेवावीं. नुकत्याच जन्मलेल्या पिलांना मात्र ३२ अंशांच्या सुमाराची ऊब लागते. त्यांच्यासाठीं कोरडा, उबदार कोपरा निराळा राखावा. धाप लागून एखादें पडलें, तर त्यावर एकदम गार पाणी न ओततां सावलींत साध्या पाण्यानें हळूहळू भिजवावें.

येत्या वैशाखांत भर दुपारीं एकदां वाड्यापाशीं जाऊन उभें राहावें. डुक्कर घाणींत निजलेलें दिसलें, तर त्याला नांव ठेवण्याआधीं हौदांत पाणी आहे कीं नाहीं, तें पाहावें.