समुदायाच्या मागें उभी असलेली बहीण



मार्ककृत शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या एका स्त्रीची कथा आहे. ती प्रभूसमोर आली नाहीं. गर्दींत मागून आली, आणि त्याच्या वस्त्राला हळूच शिवली. समोर येण्यास ती कां भ्याली? नियमशास्त्राप्रमाणें ती अशुद्ध गणली जात होती. रोगानें तिचें बळ नेलें, वैद्यांपायीं तिचें धन गेलें, आणि लोकांनीं तिची जागा हिरावली.

अशाच एका दुःखाविषयीं आज बोलणें अवश्य आहे. कारण लाजेनें झांकिल्यामुळेंच तें वाढतें. प्रसूति अडून बाळाचें डोकें फार वेळ आईच्या कटीच्या हाडांत अडकून राहिलें, म्हणजे मध्यें दबलेल्या नाजूक भागाचा रक्तप्रवाह थांबतो. तो भाग मरून कांहीं दिवसांनीं गळून पडतो, आणि मूत्राशय व योनिमार्ग यांमध्यें छिद्र पडतें. त्यास डॉक्टर फिस्टुला म्हणतात. बहुधा बाळ मेलेलेंच जन्मतें, आणि आईचें मूत्र रात्रंदिवस गळत राहतें. कित्येकींना पति टाकितो. शेजारी म्हणतात, हें तिच्या पापाचें फळ. बंधूंनो, हें पापाचें फळ नव्हे. हें उशिराचें फळ आहे.

१९५९ सालीं कॅथरीन व रेजिनाल्ड हॅम्लिन हें डॉक्टर दांपत्य इथियोपियांत गेलें. अशा स्त्रियांचे हाल पाहून त्यांनीं १९७४ सालीं अदिस अबाबा येथें केवळ त्यांच्याचसाठीं रुग्णालय उघडिलें. शस्त्रक्रियेनें बहुतेकींचें छिद्र बंद होतें. ममितू गाशे ही निरक्षर खेडूत स्त्री त्यांच्याकडे रोगी म्हणून आली. पुढें ती स्वतःच ही शस्त्रक्रिया करूं लागली. परंतु छिद्र शिवण्यापेक्षां तें पडूं न देणें श्रेष्ठ; म्हणून २००७ सालीं तेथें सुइणींचें विद्यालयहि निघालें.

तर आपण काय करावें? मुलीचा विवाह १८ वर्षांपूर्वीं करूं नका. वाढ पुरी न झालेल्या अंगांत प्रसूति अडण्याचें भय अधिक. प्रसूति दवाखान्यांतच होऊं द्या. घरीं कळा सुरू झाल्याच, तर सकाळ होण्याची वाट न पाहतां १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. अडलेल्या प्रसूतीनंतर मूत्र गळूं लागल्यास तत्काळ डॉक्टरांस सांगा. मूत्राशयांत कांहीं आठवडे नळी ठेविल्यानें लहान छिद्र कधीं कधीं आपोआप भरून येतें. दुखणें जुनें असलें तरी निराश होऊं नका. शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. बरी झालेली स्त्री पुन्हां गरोदर राहिल्यास तिला आरंभापासूनच डॉक्टरांकडे न्या, म्हणजे शिवलेली जागा पुन्हां फाटणार नाहीं.

प्रभूनें त्या स्त्रीला लपूनच परत जाऊं दिलें नाहीं. त्यानें तिला पुढें बोलाविलें, आणि सर्वांदेखत कन्या म्हटलें. उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळींतील कोणती बहीण बाळंतपणानंतर उपासनेस येईनाशी झाली आहे? तिच्या घरीं आपल्या पत्नीला पाठवा. दवाखान्याच्या वाटेवर तिला सोबत द्या. आणि ती परत येईल, तेव्हां तिला दाराशीं नव्हे, तर सर्वांबरोबर सतरंजीवर बसवा.