‘प्रादेशिक’ या विशेषणाची नीती

भारतीय संविधानाच्या सतराव्या भागातील दुसऱ्या प्रकरणाचे शीर्षक ‘प्रादेशिक भाषा’ असे आहे. मराठी, तमिळ, बंगाली यांना ‘प्रादेशिक’ म्हणताना त्यांच्याबाहेरचे एक केंद्र गृहीत धरलेले असते आणि हे गृहीतक मराठी लेखकाला बोचतेही. परंतु हेच विशेषण मराठी समीक्षेने आपल्या घरात निःसंकोचपणे वापरले. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) ही ‘प्रादेशिक कादंबरी’ ठरली; पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय जीवनावरील कादंबरीला मात्र ते विशेषण लागले नाही, जणू पुणे हा प्रदेशच नव्हे! प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. जो भाषिक समाज वरच्या सत्तेकडे न्याय मागतो, त्याने ज्या तत्त्वाच्या आधारे तो मागितला, त्या तत्त्वाचे त्याच्यावर कोणते दायित्व येते, हा मूळ नैतिक प्रश्न आहे.

१९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १९६० ची महाराष्ट्रनिर्मिती यांमागील युक्तिवादाला दोन पदर होते. राज्यकारभार लोकांना कळणाऱ्या भाषेत चालावा, हा एक. भाषा हा समूहाच्या आत्मसन्मानाचा भाग आहे, हा दुसरा. यांपैकी कोणताही पदर प्रांताच्या सीमेवर येऊन संपत नाही. राज्यपुनर्रचनेच्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घातला गेला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगितले गेले, याचा अर्थ घटनाकारांच्या पुढच्या पिढीलाही हे जाणवले होते. राज्ये निर्माण झाली. हा अनुच्छेद मात्र बहुतांशी कागदावर राहिला.

यावर एक ठरलेले उत्तर दिले जाते : त्या भाषा नव्हेत, बोली आहेत. हे उत्तर भाषावैज्ञानिक असल्याचा आव आणते, परंतु इतिहास त्याला फारसा अनुकूल नाही. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात मराठीच्या खंडात (१९०५) कोकणी ही मराठीची बोली म्हणून आली; खानदेशीला मात्र त्याने मराठीत जागा न देता दुसऱ्या खंडात भिली भाषांच्या सोबत बसवले. पुढे काय घडले? कोकणीला साहित्य अकादमीने १९७५ साली स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. उलट जिला ग्रिअर्सनने मराठीबाहेर ठेवले आणि २०११ च्या जनगणनेनेही स्वतंत्र नोंदले, ती खानदेशी, म्हणजे व्यवहारात अहिराणी, मराठी अभ्यासक सहजपणे ‘मराठीची बोली’ म्हणून शिकवतात. अनेक अहिराणीभाषक स्वतःला मराठीच म्हणवतात, आणि त्यांच्यावर वेगळेपण लादण्याचा अधिकारही कुणाला नाही. येथे दिसते ते इतकेच, की बोली आणि भाषा यांतील रेषा व्याकरणाने एकट्याने ओढलेली नाही. चळवळ, लिपी, शाळा आणि सत्ता यांचे हात तिच्यात गुंतलेले आहेत.

भिलीचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी मातृभाषा सांगणारे सुमारे १ कोटी ४ लाख, तर संस्कृत सांगणारे २४,८२१. संस्कृत आठव्या अनुसूचीत आहे, भिली नाही. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्र अशा चार राज्यांत तिचे भाषक विभागले गेले आणि ती कोणत्याच प्रांताची ‘आपली’ भाषा झाली नाही. ज्या रेषांनी मराठी व गुजराती यांना घर दिले, त्याच रेषांनी भिलीचे घर कापले.

उपयुक्ततेचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. नंदुरबारकडील आदिवासी पालकाला मुलाने मराठी, शक्य तर इंग्रजी शिकावी असे वाटते. त्याला मातृभाषेच्या गौरवाचा उपदेश करणे हा सुखवस्तू विद्वानाचा उद्दामपणा ठरेल. पण उपयुक्ततेने मुलाने आणखी काय शिकावे एवढेच ठरते. त्याने घरून आणलेली भाषा ही एक उणीव आहे, हे उपयुक्ततेतून निघत नाही. शिवाय हा युक्तिवाद जसाच्या तसा इंग्रजीच्या बाजूने आणि मराठीच्या विरोधात वापरला जातो तेव्हा मराठी समाज तो अमान्य करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, त्यासाठी मांडली गेली ती प्राचीनता आणि वाङ्मयीन परंपरा. रोजगाराचे गणित नव्हे.

ही उणिवेची भावना शाळेइतकीच साहित्यातही घडते. ग्रामीण कथनात दीर्घकाळ रूढ असलेला संकेत असा : पात्रे बोलीत बोलतात, निवेदक प्रमाण मराठीत समजावून सांगतो. म्हणजे बोलीने हसावे, रडावे, भांडावे. अर्थ लावण्याचे काम तिचे नाही. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मध्ये (१९७१) शेतावरचा गडी नारबा स्वतःच निवेदन करतो, तेव्हा हा श्रमविभाग मोडतो. तेथे बोली जग पाहते, आठवते, त्याचा निवाडा करते. वाचक तिच्या हद्दीत येतो. तरीही अशा कृतींच्या स्वागतात ‘मातीचा गंध’, ‘अस्सल चव’ हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. सदाशिव पेठेच्या मराठीला कोणता गंध येतो, हे मात्र समीक्षकाला सांगावेसे वाटत नाही.