नवख्या पशुपालकाचे अज्ञान आणि हिंसेचा प्रश्न

चार-पाच शेळ्या घेऊन गोठा सुरू करणाऱ्याच्या शंका अगदी साध्या असतात. लेंड्या पातळ झाल्या त्या कोवळ्या पाल्याने की जंतांनी? करडाला पुरेसा चीक मिळाला का? गाभण शेळी सारखी उठबस करते आहे, म्हणजे आज रात्री व्यायची का? जनावर बोलत नाही, डॉक्टर बहुधा तालुक्याला असतो आणि निर्णय मात्र तासाभरात घ्यावा लागतो. तो चुकला तर भोगायचे जनावराने. अपुऱ्या माहितीवर दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय घेणारा कितपत दोषी ठरतो, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न अशा वेळी गोठ्यात येऊन उभा राहतो.

पोटफुगीचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडाला कोवळा ओला चारा भरमसाट खाल्लेली किंवा दाण्याच्या पोत्यात तोंड घातलेली शेळी संध्याकाळी रवंथ थांबवते, डावी भकाळी फुगते, ती दात खाऊ लागते. शेजारी गोडेतेल पाजायला सांगतात. सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो. पण नवखा माणूस तिचे तोंड पार आभाळाकडे करतो, बाटली घाईने रिकामी करतो, शेळीला ठसका लागतो आणि तेल फुप्फुसात उतरते. मग पोटफुगीतून वाचलेली शेळी उपायाने दगावते. उलट, काहीच न करता सकाळची वाट पाहिली तरी ती रात्रीतच जाऊ शकते. दाव्याला बांधलेल्या जनावराबाबत ‘आपण काही केले नाही’ हा बचाव टिकत नाही. मोकळी असती तर तिने काय खाल्ले असते आणि कुठे गेली असती, हे सारे मालकाने आधीच आपल्या हाती घेतलेले असते.

या पेचावर सर्वांत बारकाईने विचार जैन परंपरेने केला आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना नुसत्या प्राणहानीवर बोट ठेवलेले नाही, ती प्रमादातून, म्हणजे बेफिकिरीतून, झालेली असावी अशी अट आहे. म्हणजे डोके किती उचलायचे हे विचारून, सावकाश तेल पाजूनही शेळी गेली, तर तो मालक आणि बेफिकिरीने बाटली ओतणारा मालक एका पंक्तीत बसत नाहीत. नवख्याला हा मोठा दिलासा आहे, पण तो फार दिवस पुरत नाही. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी द्यायची असते, हे दवाखान्यात कोणीही सांगते. जे शेळ्या आणण्याआधी विचारता आले असते ते विचारलेच नाही, तर त्या अज्ञानाला प्रमादच म्हणावे लागेल.

त्याच ग्रंथात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रतातले दोष, दिले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, पेलवणार नाही एवढे ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. गोठ्याचा अर्धा व्यवहार यात येतो. बांधणे हाच दोष असेल तर पशुपालन करायचे कसे? श्रावकाचारावर लिहिणाऱ्यांनी तोडगा व्यवहारी काढला: बांधावे लागलेच तर गाठ सैल असावी, आग लागली तर जनावर सुटू शकले पाहिजे. एका झटक्यात सुटणारी गाठ मारायला शिकणे हा इथे व्रताचाच भाग ठरतो. अहिंसेवरच्या बऱ्याच भाषणांपेक्षा ही सूचना गोठ्यात जास्त कामाची आहे.

अनिश्चिततेचे सर्वांत अवघड टोक म्हणजे बरे न होणारे जनावर. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. उपचार करणाऱ्यांनी आशा सोडली होती. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली. जो जीव देऊ शकत नाही त्याला तो घेण्याचा अधिकार नाही, असा आक्षेप निघाला. तरीही अखेर डॉक्टरांना बोलावून, सुई टोचून त्यांनी वासराची यातना संपवली. त्यावर देशभरातून संतप्त पत्रे आली आणि गांधीजींनी आपल्या साप्ताहिकांतून जाहीर उत्तर दिले. त्यांचा रोख असा, की जीव न घेणे एवढ्यावर अहिंसा संपवली की जनावरांचे हळूहळू होणारे हाल लोकांना दिसेनासे होतात. आक्षेप घेणाऱ्यांचेही एक म्हणणे हलके नाही: जनावराला मरण हवे आहे, हे माणसाने कोणत्या आधारावर ठरवायचे? गांधीजींची बाजू इथे अधिक पटते, ती त्यांच्या खात्रीमुळे नव्हे. उपचार संपले आहेत हे जाणकारांकडून कळल्यावर, सहकाऱ्यांना विचारून आणि स्वतःच्या नावावर त्यांनी निर्णय घेतला, म्हणून. खर्च परवडत नाही म्हणून ‘सोडवणूक’ करणाऱ्याला हे उदाहरण पुढे करता येणार नाही.

बेफिकिरीच्या उलट टोकाचा, अति लळ्याचा धोकाही परंपरेने वेगळा सांगितला आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातला भरत राजा राज्य सोडून तपाला बसला, पण पोरक्या पाडसाला वाचवून त्याच्यातच गुंतला आणि पुढच्या जन्मी हरीण झाला. पाडसाला वाचवणे ही काही त्याची चूक नव्हती.

राहता राहिला बोकडाचा प्रश्न. उस्मानाबादी शेळीला जुळी करडे वरचेवर होतात आणि त्यांतले साधारण निम्मे नर असतात. पैदाशीला पंचवीस-तीस शेळ्यांमागे एक बोकड पुरतो. बाकीचे खाटकाकडे किंवा बकरी ईदच्या बाजारात जातात. दुधासाठी किंवा हौसेने शेळी आणणाऱ्याला हे पहिल्या वेतानंतर कळते. महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकणारा, पण कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवणारा तोच. नांगरटीतही असंख्य जीव मरतात, हे तो त्याला दाखवून देतो. यातून कोणालाच सोयीची मुभा मिळत नाही, कारण आपला धंदा घोर असल्याचे तो स्वतःच कबूल करतो. बोकड विकायचा, खच्ची करून पदरचा चारा घालून सांभाळायचा, की शेळीच पाळायची नाही, हे बाजारात दावे हाती घेण्यापूर्वी ठरवायचे असते. ‘पाळायला नेतो’ म्हणणाऱ्याला बोकड देऊन पुढे तो कुठे गेला हे न विचारण्याची रीत सर्वांत रुळलेली आहे, आणि प्रमादाच्या व्याख्येत ती सरळ बसते.