दुःखाचा अर्थ कुणी सांगायचा?

२१ एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयाच्या आवारात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. बाहेर पांढऱ्या वाफेचे लोट उठले, आत वॉर्डात प्राणवायूचा दाब घसरला आणि बघता बघता किमान २२ रुग्ण दगावले. त्या खाटांवर कोण होतं? कुठल्याही सरकारी दवाखान्यात असतात तशीच माणसं. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाचा कर्ता मुलगा.

चांगल्या माणसांच्या वाट्याला हे का येतं, हा प्रश्न अशा दिवशी पुस्तकातला राहत नाही. ख्रिस्ती माणसाला तो जास्तच बोचतो, कारण त्याचा देव प्रेमळ पिता आहे आणि सर्वसमर्थही आहे. पुनर्जन्म त्याच्या धर्मात नाही, त्यामुळे मागच्या जन्मीच्या खात्यावर काही टाकून मोकळं होण्याची सोयही नाही. जे काही आहे ते याच एका जन्मात, आणि हिशेब तर जुळत नाही.

नाशिकच्या त्या घटनेशी विलक्षण साम्य असलेला एक अपघात लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात येतो. यरुशलेमजवळ शिलोहात एक बुरूज कोसळून १८ माणसं ठार झाली होती. येशू स्वतःहून तो विषय काढतो आणि ऐकणाऱ्यांना विचारतो, की यरुशलेमातल्या इतर सगळ्यांपेक्षा ही १८ माणसं अधिक अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? उत्तरही तोच देतो: नाही. बुरूज का पडला, देवाने तो का पडू दिला, याबद्दल मात्र तो अवाक्षर काढत नाही. उलट त्याच दमात तो समोरच्यांना त्यांच्या स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवतो. मेलेल्यांचं माप काढू नका, स्वतःकडे बघा.

योहानाच्या शुभवर्तमानात हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय झिडकारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. शिष्यांना कारण हवं होतं. त्या आंधळ्याने मात्र ते विचारलंच नव्हतं.

महाराष्ट्राला असा कोसळलेला बुरूज परका नाही. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधायला वेठीला धरलेली माणसं ती भिंत पडून गाडली गेली, त्यांत चोखोबा होते. परंपरा ते साल १३३८ सांगते. नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी पंढरपुराला आणल्या, आणि महाद्वारापाशी समाधी झाली. चोखोबा भिंतीखाली का सापडले, असा प्रश्न वारकरी उकरून काढत बसत नाही. तो समाधीपाशी वाकतो आणि पुढे जातो.

हे समजूतदारपण नेहमी टिकत नाही. हिंदू घरात ‘प्रारब्ध’ म्हणतात, ख्रिस्ती घरात ‘देवाची इच्छा’. कुणी म्हणतं, देव परीक्षा पाहतोय. सगळ्यांत कठोर वाक्य प्रार्थनासभांतून ऐकू येतं: विश्वास कमी पडला, म्हणून बरा झाला नाही. ज्याचं मूल नुकतंच गेलं आहे त्याच्या डोक्यावर हा दुसरा दगड. वास्तविक प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायला कोण धजेल?

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक तर याच बोलण्याविरुद्ध लिहिलेलं आहे. ईयोब निर्दोष आहे, हे वाचकाला पहिल्याच ओळीपासून ठाऊक असतं. त्याची गुरंढोरं जातात, मुलं दगावतात, अंगभर फोड उठतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात, सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात. तोवर ते खरे मित्र असतात. मग ते बोलू लागतात. देव न्यायी आहे, तो उगाच कुणाला शिक्षा करत नाही, त्याअर्थी तू काहीतरी केलं असशील. त्यांच्या तर्कात कुठेही फट नाही आणि प्रत्येक वाक्य भक्तीने भरलेलं आहे. ईयोब मात्र देवाशी भांडतो, त्याला जाब विचारतो, जन्माला आल्याच्या दिवसाला शिव्या देतो. शेवटी देव बोलतो आणि निकाल भलताच लागतो: मित्र चुकीचं बोलले, ईयोब बरोबर बोलला. आता मित्रांनी ईयोबाकडे जावं आणि त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. देवाची बाजू घेणारे हरतात, देवाशी भांडणारा जिंकतो. ‘का’ याचं उत्तर मात्र ईयोबालाही मिळत नाही.

दुःखाचा अर्थ लावायचा असेल तर तो ज्याचं दुःख त्यानेच लावावा. बघ्यांना तो अधिकार नाही. ख्रिस्ती विश्वास या प्रश्नावर एवढंच ठामपणे सांगतो, आणि ते थोडं नाही.

ही मर्यादा मोठमोठ्यांनीही ओलांडली आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसं मेली. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असं महात्मा गांधी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर विरोध केला. अस्पृश्यता हे पाप आहे याबद्दल दोघांत मतभेद नव्हता, पण भूकंपाने मेलेल्यांना त्या पापाची शिक्षा झाली हे रवींद्रनाथांना मान्य नव्हतं. ज्या झोपड्या पडल्या त्यांत अस्पृश्यांच्याही होत्या. या वादात रवींद्रनाथांचंच बरोबर होतं.

ही मर्यादा ओलांडावीशी वाटेल अशी एक जागा नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासातही आहे. शरणपूर रोड म्हटलं की आज नाशिककराला दुकानं, दवाखाने आणि सिग्नलवरची गर्दी आठवते. हे शरणपूर १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी वसवलं. धर्मांतरामुळे घराबाहेर पडलेल्यांना तिथे आसरा मिळे. पुढे तिथे आफ्रिकन मुलंही आली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेली जाणारी ही मुलं इंग्रज आरमाराने समुद्रात सोडवलेली. मुंबईहून त्यांना शरणपूरला धाडत. तिथे लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकवत आणि नवी नावं देत. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पोटात वारले तेव्हा त्यांच्या हृदयाच्या दफनाची प्रार्थना याच नाशिककर मुलाने वाचली, झाडावर नाव कोरलं, आणि सोबत्यांबरोबर तो मृतदेह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. त्यानंतर लवकरच शरणपूरच्या आफ्रिकनांपैकी बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीयरटाउन वसाहतीत गेले.

ही गोष्ट सांगताना एक मोह होतो. मूल विकलं गेलं नसतं तर सुटलं नसतं, सुटलं नसतं तर नाशिकला आलं नसतं, म्हणजे यामागे देवाची योजना होती! हा मोह निर्धाराने टाळायला हवा. आईच्या हातून हिसकावून नेलेल्या मुलाची किंमत कुठल्याही शाळेने, कुठल्याही बाप्तिस्म्याने भरून निघत नाही, आणि देवाने त्या मुलाला शाळेत घालण्यासाठी आधी बाजारात विकलं असं म्हणणं ही देवाचीच बदनामी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ आपल्याला विकणाऱ्या भावांना सांगतो, की तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं घडवलं. पण ते योसेफ म्हणतो. भावांनी म्हटलं असतं तर तो निव्वळ निर्लज्जपणा ठरला असता.

तुकोबांचंही असंच. १६३० च्या आगेमागे पडलेल्या दुष्काळात त्यांची बायको गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. पुढे त्यांनी स्वतःच, झालं ते बरंच झालं, असं देवाला सांगितलं. तुकोबांच्या तोंडी ते शोभतं. देहूच्या एखाद्या शेजाऱ्याने ते त्यांच्या दारात येऊन म्हटलं असतं तर? शब्द तेच, पण ते कुणाच्या तोंडचे यावर सगळं ठरतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक, आईच्या मृत्यूनंतर शिकायला आले ते नाशिकलाच.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८६८ चा जन्म. १८५७ च्या बंडाळीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यायची! लक्ष्मीबाईंनी ते गमतीने सांगितलं आहे, आणि वाचणारा हसतोही. पण जरा थांबून पाहिलं तर त्या धुण्यामागे भेदरलेला माणूस दिसतो. विटाळ धुऊन काढला तर संकट पुन्हा घरात शिरणार नाही, असं त्याला कुठेतरी वाटत असावं. दुःखाचं कारण सापडलं की दुःख आटोक्यात येतं, या समजुतीपायी एका घराने वर्षानुवर्षं मीठ धुतलं.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पुढे जे आलं त्याला कुणाचं पाप म्हणावं? आधीची मुलं जगली नाहीत, दत्तू तेवढा वाचला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवरा जिवंत असताना त्यांचा संसार उठला. सुमारे पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, त्यांतला काही काळ पंढरपुरात, नातेवाइकांच्या आधाराने. पुढे त्या टिळकांकडे परतल्या. जातिभेदाचा विचार स्वतःच्या डोक्याने करून त्यांनी तो टाकला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. परतल्यावर सुख लागलं म्हणावं तर तेही नाही. छप्पन्नचा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ, प्लेग, पैशाची ओढगस्त, टिळकांचा तापटपणा आणि हाताला लागेल ते देऊन टाकण्याची त्यांची सवय. घरात पोरकी मुलं आली, ती लक्ष्मीबाईंनी वाढवली. ख्रिस्ती झाल्याने दुःख टळतं, असा दावा त्यांच्या आयुष्याकडे बघून कुणालाही करता येणार नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. लक्ष्मीबाई त्यानंतर जवळजवळ १७ वर्षं जगल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं होतं, त्याची १०-११ प्रकरणंच झाली होती. धड शाळेत न गेलेल्या या बाईने पुढची ६४ लिहिली. आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघू लागले. त्यात हे सगळं दुःख आहे, पण ‘माझ्याच वाट्याला का’ असा आक्रोश नाही. देवाने हे मला शिकवण्यासाठी केलं, असा उपदेशही नाही. नवऱ्याला झुकतं माप नाही आणि त्याची फिर्यादही नाही. जे झालं ते त्यांनी आपल्या बोलीत सांगितलं. तो अधिकार त्यांचा होता आणि त्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला नाही, मिशनलाही नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. खरं आहे, राहिलाच. तत्त्वज्ञ लायब्निट्झने १७१० मध्ये देवाच्या न्यायाची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला आणि १७५५ च्या सर्व संतांच्या सणादिवशी लिस्बनच्या भूकंपाने भरल्या चर्चमधली माणसं गाडली. त्यानंतर तसल्या समर्थनावरचा युरोपचा भरवसा उडाला. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी तर ज्याने हाच प्रश्न विचारला तोच आहे. क्रुसावर येशूने बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत देवाला विचारलं, की मला का सोडलंस? आकाशातून उत्तर आलं नाही. ख्रिस्ती माणूस पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, आणि तो त्याच्या आशेचा कणा आहे. पण ईस्टरच्या रविवारीसुद्धा शुक्रवारच्या त्या ‘का’चा खुलासा कुणी करत नाही. पुन्हा उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत.

बघ्यांनी अर्थ लावू नये, याला आणखी एक कारण आहे. अर्थ लावला की जबाबदारी झाकली जाते. टाकी गळते ती दैवाने नव्हे. ती कुणीतरी बसवलेली, तपासलेली किंवा न तपासलेली असते. १८९९-१९०० च्या दुष्काळात पाऊस पडला नाही हे खरं, पण धान्य कुणाच्या कोठारात होतं हेही तेवढंच खरं. तिथे ‘देवाची इच्छा’ म्हणणं म्हणजे दोषी माणसाला देवाच्या आड लपवणं.

दर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दूरदूरून माणसं येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलीही असतात. कुणी आजारासाठी मेणबत्ती लावतं, कुणी मुलासाठी नवस बोलतं. त्या मागण्यावर कुणी हसू नये आणि ज्याचं मागणं पुरं झालं नाही त्याला त्याच्या श्रद्धेचं मोजमाप सांगू नये. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी तर ही काळजी सर्वांत आधी घ्यावी. ईश्वरविद्येच्या वर्गात दुःखाचा विषय निघाला की युरोपातल्या पंडितांची नावं पाठ करून घेतली जातात. त्यांच्याआधी विद्यार्थ्यांच्या हाती ‘स्मृतिचित्रे’ द्यावं, आणि ते शाळेतल्या एखाद्या उताऱ्यापुरतं नव्हे, तर पहिल्या भागापासून शेवटपर्यंत वाचून घ्यावं.