आधी मोकळा, मग दास

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र २:१-११, योहान १३:१-१७
मननासाठी वचन : गलतीकरांस पत्र ५:१३



फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आपल्यातल्या पुष्कळांना तोंडपाठ आहे. संडे स्कूलमध्ये तो पाठ करून बक्षीसही मिळवलेलं असतं. पौल तिथे सांगतो की ख्रिस्त येशूची जी चित्तवृत्ती होती तीच आपली असावी. तो देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने ते घट्ट धरून ठेवलं नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली.

यातल्या 'दास' या शब्दाशी आज जरा थांबू या. हा शब्द आपण गाण्यात म्हणतो, प्रार्थनेत म्हणतो, पत्राखाली 'प्रभूचा दास' अशी सही करतो. पण पौलाच्या काळात दास म्हणजे बाजारात विकत घेतलेला माणूस. त्याला पगार नाही, सुट्टी नाही, 'नाही' म्हणायची सोय नाही. ते पत्र ऐकताना फिलिप्पै मंडळीतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर खरे गुलाम आले असणार.

आणि प्रियांनो, आपल्या नाशिकमध्येही असे लोक राहून गेले आहेत.

शरणपूर रोड आपल्याला माहीत आहे. कॅनडा कॉर्नर, तिबेटी मार्केट, दुकानं, बँका, संध्याकाळची गर्दी. रिक्षावाल्याला 'शरणपूर रोड' सांगताना त्या नावाचा अर्थ आपल्या मनात येत नाही. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वसाहत उभी केली. त्या काळी अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रजांचं आरमार पकडत असे. त्यातून सुटलेली आफ्रिकेची मुलं मुंबईला आणत, आणि त्यांतली काही शरणपूरला येत. आईबापांपासून तोडलेली, भाव करून विकलेली ही मुलं इथे गोदावरीकाठच्या गावात लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली, प्रभूला ओळखू लागली.

त्यांच्यापैकीच एक जेकब वेनराईट. लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडलेला, मग सुटका झालेला, नाशिकमध्ये शिकलेला. १८७२ मध्ये तो आणि नाशिकमध्ये शिकलेले आणखी काही तरुण मध्य आफ्रिकेत डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या तांड्यात सामील झाले.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियात चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी, लिव्हिंगस्टन त्यांच्या सोबत्यांना बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले. आता काय करायचं? समुद्रकिनारा हजाराहून अधिक मैल दूर. साहेब गेले होते आणि हुकूम देणारं कुणी उरलं नव्हतं. तिथेच पुरून सगळे आपापल्या वाटेने निघून गेले असते, तर त्यांना विचारणारं कोण होतं?

पण चुमा आणि सुसी या जुन्या सोबत्यांच्या पुढाकाराने सगळ्यांनी ठरवलं, की डॉक्टरांना त्यांच्या लोकांपर्यंत पोहोचवायचं. त्यांनी त्यांचं हृदय एका झाडाखाली पुरलं. जेकबने दफनाची प्रार्थना वाचली आणि त्या झाडावर नाव व तारीख कोरली. मग देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि ते चालू लागले. वाटेत आजारपण होतं, मृत्यू होते. प्रेत आपल्या हद्दीतून न्यायला वाटेतल्या गावांचा विरोध होता. आजच्या टांझानियातल्या टाबोराजवळ एक इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोहोचले. नऊ महिने!

१८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत आपला नाशिककर जेकब होता. चुमा आणि सुसी मात्र तिथे नव्हते. ज्यांनी सगळा तांडा सांभाळून आणला त्यांना किनाऱ्यावर पगार देऊन मोकळं केलं होतं. आणि खांद्यावर ओझं घेऊन चाललेल्या बाकीच्यांची नावं आज आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

आता ही माणसं देवदूत होती असं मी म्हणत नाही. आधीच्या प्रवासात, १८६६ मध्ये, नाशिकहून गेलेल्या मुलांबद्दल लिव्हिंगस्टन यांनी आपल्या रोजनिशीत भरपूर तक्रारी लिहिल्या आहेत, आणि त्यांच्यातले काही जण त्यांना सोडूनही गेले. ती आपल्यासारखीच माणसं होती. पण ज्याच्या पायातली बेडी दुसऱ्याने तोडली, त्याने नंतर आपल्या मर्जीने कुणाचं तरी ओझं उचललं, ही गोष्ट मला सोडत नाही.

कारण इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपण मंडळीत मोकळेपणाने विचारत नाही. नम्र व्हा, सेवा करा, खालची जागा घ्या, हे आपण नेमकं कुणाला सांगतो? आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना हेच सांगितलं होतं की तुम्ही खाली बसा, तुम्ही सेवा करा, तोच तुमचा धर्म. त्यांना ख्रिस्ताने हात धरून उठवलं. आता त्यांच्याच नातवंडांना आपण पुन्हा 'दास व्हा' असं सांगायचं का?

या प्रश्नाचं उत्तर मला योहानाच्या तेराव्या अध्यायात मिळतं. तिथलं तिसरं वचन आपण घाईत वाचतो आणि लगेच पाय धुण्याकडे जातो. तिसऱ्या वचनात योहान सांगतो की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार आहोत, हे येशूला ठाऊक होतं. आणि हे ठाऊक असताना तो भोजनावरून उठला, बाहेरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि घंगाळात पाणी ओतलं.

लक्षात येतंय का? आपण कोण आहोत हे न कळल्यामुळे तो खाली बसला नाही. ते पूर्ण कळल्यामुळे बसला. त्याला कुणी ढकललं नव्हतं. त्याला गमवायची भीती नव्हती, म्हणून त्याला वाकता आलं. शिष्यांना मात्र वाकता येईना. त्याच रात्री ते आपल्यात मोठा कोण यावर वाद घालत होते, असं लूक बाविसाव्या अध्यायात सांगतो. ज्याला आपली जागा जाईल अशी धास्ती असते, त्याच्या हातून घंगाळ उचललं जात नाही.

म्हणून नम्रता आणि लाचारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाचारी वरून लादली जाते, नम्रता आतून येते. लाचार माणूस वाकतो कारण त्याला ताठ उभं राहू दिलं जात नाही. ख्रिस्ताचा माणूस वाकतो कारण त्याला देवाने ताठ उभं केलं आहे. पौल गलतीकरांना नेमकं याच क्रमाने सांगतो : आधी म्हणतो की तुम्हाला स्वतंत्र होण्यासाठी बोलावलं आहे, आणि मग म्हणतो की प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. आधी मोकळा, मग दास. हा क्रम उलटा केला तर ती सुवार्ता राहत नाही.

आणि मग हे वचन प्रथम कुणाला लागू होतं? ज्याच्याजवळ जागा आहे त्याला. पाळकाला, कमिटीच्या चेअरमनला, घरातल्या कर्त्या माणसाला, शिकल्या-सवरल्या मुलाला. चर्च झाडणाऱ्या मावशींना फिलिप्पैकरांसचा दुसरा अध्याय ऐकवायची काही गरज नाही, त्या तो रोज जगतात. सुनेला 'नम्र राहा गं' म्हणून हे वचन दाखवणारे सासू-सासरे, हाताखालच्या माणसाला गप्प बसवायला हे वचन वापरणारे साहेब, आपण सगळे आरसा दुसऱ्याकडे फिरवतो.

मीही फिरवला आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

काही वर्षांपूर्वी पवित्र गुरुवारच्या उपासनेत संदेश द्यायची जबाबदारी माझ्यावर होती. विषय अर्थातच पाय धुण्याचा. आठवडाभर तयारी चालली होती. तेव्हा बाबा अंथरुणावर होते. बुधवारी रात्री मी टेबलाशी लिहीत बसलो होतो आणि आतल्या खोलीतून त्यांनी हाक मारली. एकदा, दोनदा. मला अंदाज आला की कपडे खराब झाले असणार. मी मान वर न करता बायकोला हाक मारली, "अगं, बघ ना जरा, मी वचन तयार करतोय."

ती स्वयंपाकघरातून आली, हात पुसत दारात उभी राहिली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, जाते मी. रोज मीच जाते. पण त्यांना माझ्यासमोर किती संकोच होतो माहितेय तुम्हाला? तुम्ही मुलगा आहात त्यांचे."

माझ्या वहीत तेव्हा 'कमरेला रुमाल बांधला' हे लाल शाईने अधोरेखित केलेलं होतं.

मी उठलो. त्यात मोठेपणा काही नाही, उठावंच लागलं. बादलीत कोमट पाणी घेतलं, टॉवेल घेतला. मला नीट जमलंही नाही. बाबा डोळे मिटून पडले होते. शेवटी मी त्यांचे पाय पुसत होतो तेव्हा ते म्हणाले, "तुला कशाला त्रास, बाळा." मला पेत्र आठवला. तोही म्हणाला होता की प्रभू, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. सेवा करून घेणं हेही किती कठीण असतं, हे मला त्या रात्री कळलं. त्यासाठीही नम्रता लागते.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बारा जण खुर्च्यांवर बसले. सगळे घरून पाय धुऊन आले होते, काही जणांनी तर नवे मोजे घातले होते. पाळकसाहेबांनी सगळ्यांचे पाय धुतले. तो विधी मला प्रिय आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. पण प्रभूने त्या रात्री धुतलेले पाय धुळीने माखलेले होते, आणि त्यांतले दोन पाय यहूदाचे होते.

प्रियांनो, ख्रिस्ताचं अनुकरण बहुतेक वेळा कुणाला दिसत नाही. प्रीतिभोजन झाल्यावर सगळे फोटोसाठी उभे राहतात तेव्हा मागे मोरीजवळ पातेली घासणारी दोन-तीन माणसं असतात. दवाखान्यात रात्रीच्या पाळीला बसणारा मावसभाऊ असतो. भांडणात आपली बाजू बरोबर असूनही आधी फोन करणारा भाऊ असतो. त्यांचं नाव अहवालात येत नाही. चुमा आणि सुसी वेस्टमिन्स्टरला नव्हते, पण जे हजार मैल ते चालले ते देवाने पाहिले. फिलिप्पैकरांस पत्रातही ख्रिस्ताने स्वतःला उंच केलं असं लिहिलेलं नाही. त्याने स्वतःला नमवलं, आणि देवाने त्याला उंच केलं. उंच करणं हे देवाचं काम आहे, ते आपण त्याच्याकडे सोडू या.

पुढच्या वेळी शरणपूर रोडवरून जाताना सिग्नलला थांबलात, तर त्या मुलांची आठवण काढा. समुद्रावरून, बेड्यांतून ती इथे आली आणि मोकळी झाली. आपल्यालाही कुणीतरी किंमत देऊन सोडवलं आहे. मग आपल्या मोकळ्या हातांनी आज आपण काय उचलणार?

आजसाठी : आपल्या घरात किंवा मंडळीत असं कोणतं काम आहे जे नेहमी दुसरंच कुणीतरी करतं आणि आपण ते कधी पाहिलंच नाही असं दाखवतो? ते एक काम आज करा. कुणाला सांगू नका. आणि जर तुम्ही आतापर्यंत फक्त दबून, भीतीने राबत आला असाल, तर आज आधी हे ऐका की तुम्ही देवाचं लेकरू आहात. प्रभूला तुमची लाचारी नको आहे. आधी ताठ उभे राहा.

प्रार्थना : हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तुझ्या पुत्राने आमच्यासाठी दासाचे रूप घेतले याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आम्ही नम्रतेविषयी पुष्कळ बोललो, पण हाक आली तेव्हा दुसऱ्याला पाठवले, याची आम्हाला क्षमा कर. जे दबलेले आहेत त्यांना तू उभे कर, आणि जे आम्ही उंच बसलो आहोत त्यांना खाली उतरायला शिकव. आज जे कुणी आजाऱ्यांची, वृद्धांची आणि लेकरांची सेवा कोणाच्याही नजरेत न येता करीत आहेत, त्यांच्या थकलेल्या हातांना बळ दे. आणि जे अंथरुणावर आहेत त्यांना सेवा स्वीकारण्याची कृपा दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.