दोन मिनिटं

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असा आपल्याकडे दंडक आहे. जे काय बोलायचं ते तो जिवंत असतानाच बोलून झालेलं असल्यामुळे हा दंडक पाळणं फारसं जड जात नाही. माझी अडचण निराळी आहे. गेलेल्या माणसाची आठवण येऊन हसू आलं, तर काय करावं? जीभ दाताखाली धरता येते. हसू कशाखाली धरणार?

प्रश्न पडायला कारण आमचा शाळेतला एक मित्र. त्याचं नाव सांगत नाही. नावं त्याला चार होती आणि त्यांतलं छापण्यासारखं एकच, हजेरीपटावरचं. त्या नावाने त्याला त्याच्या आईनेही कधी हाक मारली नसेल.

१९६३ साली आम्ही पुण्यात आठवीत होतो. गांधीजींच्या पुण्यतिथीला, ३० जानेवारीला, सकाळी ११ वाजता भोंगा व्हायचा आणि सारी शाळा दोन मिनिटं स्तब्ध उभी राहायची. मुख्याध्यापक डोळे मिटून, ड्रिलमास्तर डोळे वटारून. हा माझ्या मागे. पहिलं मिनिट सरतं न सरतं तोच कानाशी कुजबुज आली, "सर उभ्या उभ्या झोपलेत. पडले तर तू पाय धर, मी डोकं धरतो."

मी फिस्सकन हसलो. मागे वळून पाहतो तो हा साऱ्या देशाचं दुःख चेहऱ्यावर घेऊन पुतळ्यासारखा उभा! मला दोन छड्या मिळाल्या. 'मिनिटाला एक', हा हिशेबही त्यानेच लावला. मधल्या सुट्टीत मात्र डब्यातली संक्रांतीची उरलेली अख्खी गुळपोळी त्याने माझ्यापुढे सरकवली.

नववीत असताना त्याचे वडील गेले. तेरा-चौदा दिवसांनी तो शाळेत आला. वर्ग चिडीचूप. काय बोलावं, कुणालाच सुचेना. सांत्वन कसं करावं हा धडा आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्याने टोपी काढली, गुळगुळीत गोट्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आता सरांना वर्तुळ काढायला कंपास नको."

वर्ग फुटला. फळ्याकडे तोंड करून उभे असलेले सरसुद्धा हसले. आम्हांला कोण हायसं वाटलं! म्हणजे आता त्याला काही विचारायला नको. आणि मी विचारलं नाहीच. त्या दिवशी नाही, पुढच्या साठ वर्षांतही नाही.

गेल्या वर्षी तो गेला. दहाव्याला आम्ही वर्गातले उरलेले चौघे ओंकारेश्वरावर जमलो. पिंड मांडला. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळे ढिम्म. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, जागेचं तुझ्या मनासारखं करू." त्यावर एका कावळ्याने मानच फिरवली, त्यालाही ते खरं वाटलं नसावं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात खरा उतरला. ताणून धरायची सवय कुठे जाणार? मला मागून ती कुजबुज ऐकू आल्यासारखं झालं आणि मी फिस्सकन हसलो. पंच्याहत्तरीचा माणूस, घाटावर!

परतताना वहिनींनी गाठलंच. "भावजी, काय आठवलं, मलाही सांगा की. दहा दिवसांत घरात कुणी हसलेलं नाही." मी ३० जानेवारी सांगितली. त्या पदराने डोळे पुसत हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मामंजी गेले तेव्हाचं हे कधी बोललेच नाहीत हो. तुमच्याजवळ काही बोलले होते का?"

माझ्याजवळ कंपासचा विनोद होता. उत्तर नव्हतं.

तेव्हा गेलेल्याच्या आठवणीने हसावं की नाही, याचा निकाल मी माझ्यापुरता लावला आहे. खुशाल हसावं. ते हसू त्यानेच आपल्याला दिलेलं असतं, परत कुणाला करणार? चूक हसण्यात नव्हती. हसून झाल्यावर दोन मिनिटं थांबून "तुझं काय रे?" असं विचारायला हवं होतं, ते राहिलं.

उरलेल्या चौघांतही एक विनोदी आहे. परवा त्याला फोन केला. "काय काम काढलंस?" तो म्हणाला. "पैसे सोडून काहीही माग."

मी पोटभर हसलो. मग म्हटलं, "काम काही नाही. तू कसा आहेस?"

"मजेत!"

"ते झालं रे. कसा आहेस?"

पलीकडे अगदी शांत झालं. दोनेक मिनिटं असतील. या खेपेला मी हसलो नाही.