बटणाचं अंतर

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. तर्जनी आणि मधलं बोट १९९३ साली भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली गेलं. ज्यांनी भाईंदर फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिलंय त्यांना खाडी आणि मिठागरं आठवतात. इथे वाढलेल्यांना आठवतो तो स्टीलच्या भांड्यांचा धंदा. गाळ्यागाळ्यांतून येणारा ठोक्यांचा आवाज, पॉलिशची काळी धूळ, टेम्पोत रचलेले डबे. वडिलांचं काम वाट्यांचं. पत्र्याची गोल चकती डायवर ठेवायची, पायाने पायडल दाबायचं, वरून ठोका येतो, वाटी काढायची, पुढची चकती. एका दुपारी हात आणि पाय यांचा ताल चुकला.

हे सगळं आठवायचं कारण व्हिडिओ गेम.

गेल्या दिवाळीत भाच्याने त्याचा जुना व्हीआर हेडसेट आमच्याकडे आणून टाकला. त्याला हातात काही धरावं लागत नाही. हेडसेटवरचे कॅमेरे आपले हात पाहतात आणि आतल्या जगात तसेच हात उमटवतात. माझ्या मुलीने तो आजोबांच्या डोळ्यांवर चढवला. वडिलांनी उजवा हात समोर धरला आणि गप्प झाले. मग म्हणाले, "अगं, याने तर बोटं परत दिली."

खरंच दिली होती. टीव्हीवर आम्हालाही दिसत होतं : राखाडी, अर्धपारदर्शक, पाच बोटांचा हात. हात ओळखणाऱ्या त्या प्रणालीने हातांच्या असंख्य चित्रांवरून हात म्हणजे काय ते शिकलेलं असतं. समोरच्या हाताला तर्जनी दिसली नाही, तर ती लपली असावी असं समजून तिने ती काढून दिली असणार. वडील बराच वेळ हात उलटासुलटा करून पाहत होते.

पण पुढे जायचं तर चिमटी करावी लागते. अंगठा आणि तर्जनी जुळवली की 'हे निवडलं' असा अर्थ. वडिलांनी अंगठा अनामिकेला लावून पाहिला. काही झालं नाही. "आजोबा, डाव्या हाताने करा ना," मुलगी म्हणाली. ते म्हणाले, "थांब, याच्याने बघू." पाचसहा वेळा पाहिलं. मग हसून हेडसेट काढला. "दिसायला पाच, कामाला तीनच. तुमचा तो पांढरा रिमोट बरा होता."

पांढरा रिमोट म्हणजे निन्टेन्डोचा वी. तो नोव्हेंबर २००६मध्ये बाजारात आला. आमच्या मेव्हण्यांनी तो २००९मध्ये परदेशातून आणला होता. त्यातलं टेनिस वडिलांना फार आवडायचं. पडद्यावरचा खेळाडू आपोआप चेंडूपाशी पळतो, आपण फक्त रॅकेट फिरवायची. रिमोटमध्ये होता एक अ‍ॅक्सिलरोमीटर, म्हणजे हिसका कधी आणि साधारण किती जोरात बसला ते सांगणारी चिप. हात नेमका कुठे आहे, मनगट कसं वळलंय, हे त्याला धड कळत नसे. कोचावर बसून मनगटाला झटका दिला तरी तो 'फोरहँड' मानायचा. पट्टा मनगटाला आणि तीन बोटांची पकड, एवढ्यावर वडिलांनी सोसायटीतल्या अर्ध्या पोरांना हरवलं होतं.

त्याआधी व्हिडिओ गेम त्यांच्यासाठी नव्हतेच. नेहमीचा गेमपॅड दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या गृहीत धरतो. वीने ते दार उघडलं; आणि ते उघडलं ते तंत्र चांगलं होतं म्हणून नव्हे, ते ढोबळ होतं म्हणून. हालचाल त्याच्या लेखी एक खूण होती. खूण पटली की बास, ती कुणी, कशा हाताने केली याची त्याला पंचाईत नव्हती.

पुढचा इतिहास या ढोबळपणाला कमीपणा मानणारा आहे. २००९मध्ये मोशनप्लस आलं, त्यातल्या जायरोस्कोपमुळे रिमोट कसा वळला ते कळू लागलं. २०११च्या 'झेल्डा : स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये शत्रू तुमची तलवार कुठून येतेय ते पाहून बचाव करायचा, त्यामुळे नुसता झटका पुरेना; वार योग्य दिशेनेच व्हायला हवा. मधल्या काळात, २०१०मध्ये, मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला. खोली किती खोल आहे हे मोजणारा कॅमेरा, आणि कंट्रोलर तुम्हीच अशी जाहिरात. त्याच्यापासून निदान सहा फूट लांब उभं राहायचं. मीरा रोडच्या वन-रूम-किचनमध्ये सहा फूट मागे सरकलं की माणूस ओट्यावर जातो, पण तो मुद्दा वेगळा. पहिल्या दोन महिन्यांत किनेक्टचे ८० लाख नग विकले गेले आणि २०१७मध्ये उत्पादन थांबलं. आता हेडसेट एकेका हाताचे वीसपंचवीस बिंदू टिपतात. ही यंत्रं आणखी सुधारली की गेम कसे बदलतील, या प्रश्नाचं उत्तर सहसा एका शब्दात मिळतं : खरे होतील. मला विचारायचंय ते हे, की गेम 'खरा' होणं म्हणजे नेमकं काय होणं, आणि ते आपल्याला हवंय का.

सुरुवात बटणापासून करावी लागेल. वडिलांच्या कारखान्यात नव्हती, पण पॉवर प्रेसला एक सोय बसवता येते. समोर दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय ठोका पडत नाही. साधी युक्ती आहे. हात बटणांवर असले की ते डायमध्ये नसतात. बटण म्हणजे हात कामापासून लांब ठेवण्याची व्यवस्था. प्रेसवर ती बोटं वाचवते.

गेममध्ये ते अंतर दुसरंच काहीतरी वाचवतं. लहानपणी कार्ट्रिजच्या टीव्ही गेमवर 'काँट्रा' खेळताना मी किती माणसं मारली याचा हिशेब नाही. हिशेब ठेवावासा वाटला नाही, कारण मी कुणाला मारत नव्हतो. मी अंगठा दाबत होतो. मारियोची उडी आणि काँट्राची गोळी यांत माझ्या हाताच्या दृष्टीने काही फरक नव्हता.

यंदा जानेवारीत, घरचे झोपल्यावर, मी त्या हेडसेटवर एक तलवारबाजीचा गेम खेळलो. यात कंट्रोलर हातात धरावे लागतात. शत्रू जवळ आला तेव्हा मी डाव्या हाताने त्याची मान धरली आणि उजव्या हाताने खंजीर खुपसला. तो बाहेर काढण्यासाठी हात मागे ओढावा लागला. मी हेडसेट काढून पाणी प्यायलो. किळस आली होती. मनाला कळत होतं की समोर हवा आहे, पण खांद्याने जे केलं ते केलं होतं.

ही शंका नवी नाही. २००७मध्ये 'मॅनहंट २' या गेमला ब्रिटनच्या बीबीएफसीने प्रमाणपत्र नाकारलं. नकार प्लेस्टेशनच्या आवृत्तीलाही होता, पण चर्चा अधिक झाली ती वीच्या आवृत्तीची. तिथे भोसकायचं तर रिमोट भोसकल्यासारखा हलवावा लागे. पुढे वर्षभरात अपिलात गेमला परवानगी मिळाली. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की हाताला हे शिकवू नका. उलट बाजूचं म्हणणं, की नटही रंगमंचावर खून करतो.

नटाचा दाखला विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे भरताने आंगिक अभिनयाचे बारकावे डोळ्यांच्या आणि बोटांच्या हालचालींपर्यंत सांगितले. त्याच नाट्यशास्त्रात युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून कळवावं, असंही सांगितलंय. अर्थात भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन प्रेक्षकांसमोरच मरतो, म्हणजे नियम वाकवणारेही तेव्हापासून आहेत. पण शरीराच्या सामर्थ्यावर एवढा विश्वास असलेल्या परंपरेने नेमकं इथे अंतर राखायला सांगावं, यात काही समज असावी.

याच्या बरोबर उलट दिशेने जाणारा एक पुरावाही आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रमने केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून लोक दुसऱ्या माणसाला विजेचे धक्के देतात का, हे पाहणारे. (धक्के खोटे होते, देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) बळी दुसऱ्या खोलीत असताना ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. बळीचा हात स्वतः धरून विजेच्या पट्टीवर दाबायची वेळ आली तेव्हा ४० पैकी १२च जण तिथवर गेले. या प्रयोगांवर पुढे पुष्कळ टीका झाली. तरी एवढं दिसतं, की खटका दाबणं सोपं असतं आणि हात लावणं जड. मग अचूक मोशन कंट्रोल ही नैतिक सुधारणाच नाही का? बटणाने हिंसा हलकी केली, हात तिला पुन्हा वजन देईल.

मलाही त्या पहिल्या रात्री असंच वाटलं होतं. पण मी दुसऱ्या रात्री पुन्हा खेळलो, आणि तिसऱ्या रात्री पाणी प्यायला थांबलो नाही. चौथ्या रात्री खंजीर कुठल्या कोनातून लवकर निघतो हे मला कळलं होतं.

गेम खेळून माणसं खुनी होतात असं मी म्हणत नाही. मी सकाळी ७:५२ची लोकल पकडतो आणि धक्का लागला तर सॉरी म्हणतो. पण हाताची ती पहिली अढी, जी मिलग्रमच्या प्रयोगात अठ्ठावीस लोकांना मागे खेचत होती, ती तीन रात्रींत विरते हे मी स्वतःवर पाहिलं. ती कशात खर्च झाली? करमणुकीत. बटणाने मारलेल्या हजारो माणसांनी तिला हात लावला नव्हता, कारण त्यांचा माझ्या हाताशी संबंधच आला नव्हता.

वडिलांना मी हे खंजिराचं सांगितलं नाही. नुसतंच विचारलं, "बाबा, प्रेसची भीती नाही वाटायची का तुम्हाला?" ते म्हणाले, "पहिले पंधरा दिवस वाटायची. हात आत घालायलाच तयार नसायचा. मग सवय झाली." थोडं थांबून म्हणाले, "भीती होती तोवर बोटं होती."

कुणी म्हणेल, सराव शस्त्राचाही असतोच. कोल्हापूरच्या तालमींतून मर्दानी खेळ शिकवतात. तिथेही वार हजारदा घोटतात, आणि त्यांना आपण हिंसक म्हणत नाही. खरंय. पण मर्दानी खेळ पाहताना माझं लक्ष जातं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. माणसाच्या अंगावर ठेवलेलं लिंबू तलवारीने कापतात तेव्हा कौशल्य कापण्यात नसतं, त्यानंतर थांबण्यात असतं. समोर माणूस आहे म्हणून हाताला वार आणि आवर दोन्ही एकत्र शिकावे लागतात. माझ्या हेडसेटमध्ये समोर कुणी नाही. तिथे हात वाराची अर्धी क्रिया शिकतो, अत्यंत अचूकपणे, आणि आवर शिकायचं कारणच पडत नाही.

म्हणून 'गेम खरे होतील' हे मला पटत नाही. हालचाल खरी होते, बाकी सगळं तेवढंच खोटं राहतं. आणि हालचाल खरी झाली की बटणाने आणि वीच्या त्या ढोबळ रिमोटने राखलेला सैलपणा जातो. त्या सैलपणात दोन गोष्टी मावत होत्या. तीन बोटांचा माणूस टेनिस खेळू शकत होता, आणि माझ्यासारखा माणूस मारूनही न मारलेला राहत होता. यंत्राने आमच्याकडून फक्त खूण मागितली होती, शरीर नव्हे.

मग जुनंच बरं का? नाही. वडिलांना गेमपॅडने बाहेर ठेवलं होतं, आणि हेडसेटने एक मिनिट का होईना त्यांची बोटं दाखवली. मला हवी ती सुधारणा वेगळ्या जातीची आहे. हात वाचण्याआधी यंत्राने हात विचारावा : तुझा कसा आहे, तुझी चिमटी कोणती? हे अवघड नसावं. स्कायवर्ड स्वोर्ड २०२१मध्ये पुन्हा काढताना निन्टेन्डोने तलवार बोटाखालच्या स्टिकनेही चालवायची सोय दिलीच. आणि जिथे वार मोजता येतो तिथे थांबलेला वारही मोजता येईल. हात वर गेला आणि खाली आला नाही, हे ओळखणाऱ्या यंत्रासाठी तीही एक चालच आहे. तिला गुण देणारा गेम कुणी केला, तर मोशन कंट्रोलने गेम बदलले असं मी म्हणेन.

तलवारीचा गेम मी काढून टाकलाय. वडील आता दुपारी हेडसेट लावून कोडी सोडवतात. डाव्या हाताची चिमटी यंत्राला कळते. फक्त सुरू करण्याआधी ते उजवा हात समोर धरतात, थोडा वेळ बघतात, आणि मग खाली मांडीवर ठेवतात.